साक्षीझेंडू

सायफळचा पेट्रोलपंप बंद पडून एक तप उलटलं होतं. वर गवत माजलं, छप्पर उडालं. पण खाली पुरलेल्या टाक्या गंजून गळल्या होत्या, आणि जमिनीच्या पोटात काय शिजतंय ते वरून कुणाला दिसणार? ते दिसावं म्हणूनच उज्ज्वला तायडेनं प्रयोगशाळेत साक्षीझेंडू घडवला होता. पंपाच्या कुंपणाआत कडं करून लावलेली तिची झाडं, संक्रांत झाली तरी, केशरी फुलांनी नुसती लगडली होती.

"दोन वर्षांत एक निळं फूल नाही," भूजल खात्यातले धोत्रे साहेब म्हणाले. "बाई, आमच्या निरीक्षण-विहिरींच्या पोटावर पाय दिलात तुम्ही."

"तुमचं काय, विहीर उपसा, बाटल्या भरा, तपासायला धाडा, मग बसा वाट बघत. माझा झेंडू उभ्या उभ्या सांगतो. मुळाला पाण्यात पेट्रोलमधलं बेंझीन लागलं की फूल निळं. दुसऱ्या कशानंही होत नाही."

"पण मूळ एवढं खोल जातं?"

"तहान लागली की जातं. वरून थेंब द्यायचा नाही, मग ते पाण्याचा माग काढत दोन-दोन पुरुष खोल उतरतं." तिनं कुंपणावरच्या पाटीकडे बोट केलं : झाडांना पाणी घालू नये. "आणि टवटवी बघा की. पाण्याला पोचल्याशिवाय का?"

याच केशरी फुलांच्या भरवशावर तिनं दिवाळीत, इथलं पाणी पिण्याजोगं आहे अशा दाखल्यावर सही केली होती. समोरच्या वसाहतीची बंद बोअर पुन्हा चालू झाली, टँकर गेला, लोकांनी पेढे वाटले.

तेवढ्यात समोरच्या घरातून तिची थोरली बहीण आक्का, पदराआड काहीतरी लपवत, लगबगीनं आली.

"काय गं शास्त्रज्ञीणबाई, तुझा झेंडू काही केशरीच्या पुढं जाईना! हे बघ, आमच्या रेवतीच्या हातचं."

मोराच्या गळ्यासारखं निळंशार फूल होतं.

उज्ज्वलाचा चेहरा उतरला. "कुठलं हे, आक्का?"

"दसऱ्याला तुझी चार फुलं चोरली तोरणाला. वाळली तशी कुंडीत चुरली, दरवर्षीसारखी. रेवतीच्या खिडकीत ठेवलीय कुंडी."

"कुंडीत?" धोत्रे पुढे सरसावले. "अहो, कुंडीतलं मूळ जाऊन जाणार कुठं? वरून ओताल तेच पिणार. पाणी कुठलं घालता?"

"घालायचंय काय मुद्दाम! रेवतीच्या उशाशी तांब्या असतो, सकाळी उरलेलं ती त्यात ओतते. पाणी का कुणी फेकतं?"

रेवती म्हणजे आक्काची लेक. पाचवा महिना, पहिलटकरीण, विश्रांतीला माहेरी आलेली.

"मग ही इथली केशरी कशी?" धोत्रे पुटपुटले.

उज्ज्वला झाडांपाशी गेली. वाकून तिनं एक झाड उपटलं. हिसकाही लागला नाही. मुळं जेमतेम वीतभर, वरच्या ओल्या मातीत जाळं पसरून सुखात बसलेली.

"आक्का, तू ह्यांना पाणी घालतेस?"

आक्का चोरी पकडल्यासारखी गालात हसली. "वाचली हो तुझी पाटी. पण फुलझाड डोळ्यांदेखत वाळताना बघवतं का गं? आणि बोअरचं नाही घातलं कधी, टँकरचं गोड पाणी! आम्ही तहान मारून हंडा राखायचो तुझ्या झाडांसाठी. टँकर गेला, तर आता जारचं घालते. जावईबापू रेवतीला जार धाडतात ना, तो."

"मग रेवती?"

"ती म्हणाली, मावशीनं सही केलीय, बोअरचं पाणी चांगलं आहे. जार झाडांना घाल."

धोत्र्यांनी टोपी काढली. "दोन वर्षं खरी साक्ष दिली हो झाडांनी," ते हळूच म्हणाले. "टँकरची."

उज्ज्वलानं फोन लावला. "रेवती, पाणी कितीसं पितेस गं तू?"

"भरपूर, मावशी!" पलीकडून रेवती हसली. "पोट बघून डॉक्टरीणबाई ओरडल्या होत्या, पाणी कमी पडतंय म्हणून. तेव्हापासून तांब्यावर तांब्या. आईला विचार, एक दिवस चुकवला नाही. बाळाला बरं असतं ना ते?"