मधाचा आवाज

"सर, मागे साप आहे!"

डॉ. मैथिली उपळेकर जिवाच्या आकांताने दुसऱ्यांदा ओरडली. तिच्यापासून चार हातांवर डॉ. फडतरे मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या मेंदूलेखकाचे टोपडे डोक्यावर चढवून दिवाळी अंक चाळत बसले होते. त्यांनी शांतपणे पान उलटले.

"झालं का सुरू?" ते म्हणाले. "की नुसत्या जांभया देते आहेस?"

मैथिलीने पुटपुटल्यासारख्या आवाजात विचारले, "सर, चहा टाकू का?"

"आलं घालून," फडतरे ताबडतोब उत्तरले.

एरवी या गोष्टीवर दोघे हसून हसून बेजार झाले असते. पण मैथिलीची नजर पडद्यावरच्या आलेखावर खिळली होती. तिची किंकाळी फडतऱ्यांच्या कानात व्यवस्थित शिरली होती, कर्णनाडीतून मेंदूच्या उंबऱ्यापर्यंत पोचली होती, आणि उंबऱ्यावरच पुसली गेली होती. पाटीवरचे अक्षर ओल्या फडक्याने पुसावे, तशी.

"सर, मी सापाचं ओरडले. दोनदा."

फडतऱ्यांनी दचकून मागे पाहिले. मागे फक्त कपाट होते. त्यांनी टोपडे सावकाश काढले. "म्हणजे मी बहिरा झालो?"

"नाही. चहा ऐकलात की. डोळ्यात अंधबिंदू असतो ना, तसं आहे हे. तिथे आपल्याला भोक दिसत नाही, मेंदू आजूबाजूचं चित्र ओढून ते बुजवतो. हा बहिरबिंदू. तुम्हाला इशारा ऐकू येत नाही, आणि काही ऐकायचं राहिलं हेही कळत नाही."

"फक्त इशारा?"

"ज्या आवाजात भीती आहे तो प्रत्येक आवाज."

फडतरे उठले आणि ते टोपडे त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवले. मैथिली वाट पाहत राहिली. समोर सर ओठ ओले करत होते, गालाला हात लावत होते.

"ओरडा ना, सर."

सरांचा चेहरा पांढरा पडला. "मैथिली, मी तिसऱ्यांदा ओरडलोय."

हे कशाने झाले, ते दोघांनाही सांगायची गरज नव्हती. भिंतीवर त्याच कामगिरीचे प्रशस्तिपत्र टांगलेले होते.

उत्सव सुरक्षा कायदा आला, तेव्हा सणासुदीच्या प्रत्येक वस्तूवर बोलकी चकती लावणे सक्तीचे झाले. नखाएवढी चकती, हात जवळ नेला की बोलायची. पहिल्या वर्षी लोकांची छान करमणूक झाली. करंजी म्हणायची, "आतले सारण गरम असू शकते." रांगोळीची पुडी म्हणायची, "हा खाद्यपदार्थ नाही." आकाशकंदील बजावायचा, "हा खरा तारा नव्हे. दिशा शोधण्यासाठी वापरू नये." मुलांच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे एका सुरात सांगायचे, "आमच्याकडून संरक्षणाची अपेक्षा ठेवू नये." ओवाळणीच्या तबकाला भावाच्या मिशांची काळजी असे. मैथिलीचा नवरा निनाद तर तिने भुवया वर केल्या की चकतीच्या आवाजात म्हणायचा, "सूचना. बायको तापलेली असू शकते. उघड्या हाताने स्पर्श करू नये."

मग लोक ऐकेनासे झाले. म्हणून सरकारने या प्रयोगशाळेला काम दिले : दुर्लक्ष करताच येणार नाही असा आवाज घडवा.

तो मैथिलीने घडवला. जुई तेव्हा रांगायची. एका दुपारी ती तापलेल्या इस्त्रीकडे निघाली आणि मैथिलीच्या तोंडून जे "अगंऽ" निघाले, त्याने जुईच काय, शेजारच्या बिऱ्हाडातले आजोबाही जागच्या जागी थिजले. तेच "अगंऽ" तिने पुन्हा ध्वनिमुद्रित केले. त्यातला चढ, त्यातली खरखर, शेवटी घशात अडकणारा श्वास, हे सगळे वेगळे काढून तिने त्याचा साचा बनवला. आज राज्यातली प्रत्येक चकती त्या साच्यातून बोलत होती. शब्द कोणतेही असोत, खालचा आवाज एका आईचा होता.

"माणशी रोज चारशे इशारे," फडतरे म्हणाले. "दरवर्षी दसऱ्यापासून. ज्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, ते मेंदूने करायचं तरी काय? त्याने दारच लावून घेतलं."

"आणि मला वाटत होतं, यंदा चकत्या कमी बोलतायत. बाजारात किती शांत वाटत होतं." मैथिलीचा आवाज खाली गेला. "सर, दार उघडतं का परत?"

"उघडलेलं अजून आपण पाहिलं नाही."

"मग आवाज बदलू. गोड लावू काहीतरी. सतार."

"त्या स्वयंसेवक मुलीचा प्रयोग विसरलीस? सतारीचा तुकडा वाजवायचा आणि मनगटाला झटका द्यायचा. अकरा वेळा दचकली बिचारी. बाराव्या वेळी विचारते, 'सतार का थांबवलीत?' सतार वाजतच होती, आणि तेव्हा आपल्याला त्याचा अर्थ कळला नाही." फडतऱ्यांनी अंक मिटला. "एकदा दार लावायला शिकलेला मेंदू पुढची दारं भराभर लावतो. आवाज कसा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो ऐकून छातीत धस्स झालं की नाही, तेवढंच तो मोजतो. अकरा वेळा धस्स, की पुसलं."

त्यांनी तातडीचा अहवाल पाठवला. क्षणार्धात उत्तर आले : कार्यालय दिवाळीनिमित्त बंद आहे. भाऊबीजेनंतर संपर्क साधावा. खाली एक ओळ होती : सण सुरक्षितपणे साजरा करा.

मैथिली घरी पोचली तेव्हा उन्हे कलली होती. सहा वर्षांची जुई अंगणात किल्ल्याला माती थापत बसली होती. मैथिली तिच्या पाठीमागे उभी राहिली आणि तिने पोटातून, कळवळून हाक मारली, "जुई! विंचू!"

जुई माती थापत राहिली.

सकाळपासून आपण हिला काय काय म्हणालो ते मैथिलीला आठवू लागले. पडशील हं. हळू. पळू नकोस. भाजेल. खेळायला निघताना, "जपून जा, राणी." यातले किती पोचले असेल? आपल्या घरात माया करायची म्हणजे तरी दुसरे काय करतात? बाहेर पडणाऱ्याला कुणी 'माझा जीव आहे तुझ्यावर' म्हणत नाही; 'जपून ये' म्हणतात. तेच नेमके पुसले गेले होते.

"जुई," तिने साध्या आवाजात म्हटले.

"आई! कधी आलीस? बघ, मी तळं पण केलंय."

त्या संध्याकाळी तिने लेकीला एक खेळ शिकवला.

"हे बघ, आपल्या कानांना सध्या ओरडणं ऐकू येत नाही. मला नाही, तुला नाही, बाबाला पण नाही. म्हणून काही झालं, कितीही भीती वाटली, तरी मधाच्या आवाजात बोलायचं. भीती पोटात ठेवायची आणि मध तोंडात."

"म्हणजे वाघ आला तरी?"

"वाघ आला तरी. कसं सांगशील?"

जुईने मान तिरकी केली. "आईऽ, आपल्याकडे पाहुणे आलेत. पट्ट्यापट्ट्यांचे."

निनाद खो खो हसला. मैथिलीही हसली. तिने जुईला घट्ट जवळ घेतले.

नरक चतुर्दशीच्या पहाटे निनाद पहिल्या आंघोळीला बसला. न्हाणीघराचे दार अंगणात उघडे होते. त्याच्या डोक्यावर पाणी पडताना बाहेर फुलबाजी लावायची, हा जुईचा मान. उंबऱ्याशी कारिटे मांडून ठेवली होती. आंघोळीआधी डाव्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा. यंदा त्यावरही चकती होती. हे फळ कडू आहे, असे ती बहुधा बजावत असावी. निनादने आपले कारीट आंघोळीनंतरसाठी राखून ठेवले होते, मुद्दाम. कारण पहिले कोण फोडणार यावरून बापलेकीत दरवर्षी भांडण.

मैथिली उटण्याची वाटी घेऊन दारात आली. पायरीवर पणत्यांची रांग होती. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जुई ओणवी होऊन काहीतरी पाहत होती. फुलबाजी तिच्या हातात विझलेली होती. तिच्या पायाशी भुईनळा होता.

तो तिला कुणी दिला नव्हता. शेजारच्या पोरांचा राहिलेला असेल. तिने पेटवायचा प्रयत्न केला होता, तो पेटला नव्हता, आणि आता का पेटत नाही ते पाहायला ती तोंड खाली नेत होती. भुईनळ्याच्या तोंडाशी एक लालसर ठिपका धुगधुगत होता.

"अगंऽ!"

मैथिलीच्या आयुष्यातली सर्वांत मोठी किंकाळी. सगळ्या राज्याच्या चकत्यांमध्ये कोंबलेली किंकाळी. जुई आणखी खाली वाकली. तिने फुंकर घालायला गाल फुगवले.

बारा पावले. पळून पोचणे शक्य नव्हते.

मैथिलीने भीती गिळली. खरोखर गिळली, घशातून खाली दगड उतरावा तशी. आणि चिडवणाऱ्या, लाडिक आवाजात म्हणाली, "जुईबाई, बाबा निघाला हं कारीट फोडायला. पहिला नंबर त्याचाच."

"मीऽ! मी आधी!"

जुई गर्रकन वळून धावत सुटली. ती चौथ्या पावलावर असताना मागे भुईनळा उसळला. माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेले पांढरे झाड. जिथे तिचे डोळे होते, नेमके तिथून.

मैथिली पायरीवर कोसळल्यासारखी बसली. लेक मिठीत आली. तिने तिचे डोळे, भुवया, झिपऱ्या चाचपून पाहिल्या. सगळे जागेवर होते. जुईचे तोंड उघडत होते, मिटत होते. धापा टाकते आहे, मैथिलीला वाटले. पहाट किती शांत होती. न्हाणीघरातून फक्त पाण्याचा आवाज येत होता. जुई तिच्या खांद्याला धरून हलवत होती, आणि मैथिली म्हणत होती, "हो गं सोन्या, झालं, झालं."

मग जुई थांबली. तिने नाक पुसले. तिच्या ओठांवर एक विचित्र, ताणलेले हसू आले आणि अगदी मऊ आवाजात ती म्हणाली, "आई, मला कडेवर घे ना. उभी राहा ना. ओढणी मला दे ना खेळायला."

आवाजात मध होता. डोळे मात्र भीतीने फाटले होते.

मैथिली ताडकन उठली. ओढणीचे टोक पणतीत पडले होते आणि ज्वाळा पाठीमागून कमरेपर्यंत चढली होती. तिने ओढणी भिरकावली. जुईने पळत जाऊन बापाची पाण्याने भरलेली बादली दाखवली, आणि निनादने अर्ध्या आंघोळीतून उठून ती अख्खी बायकोवर रिकामी केली. मग तिघे अंगणात चिंब भिजून उभे राहिले.

"किती वेळा ओरडलीस मला?" बऱ्याच वेळाने मैथिलीने विचारले.

"खूप," जुई म्हणाली. "घसा दुखला. मग मला खेळ आठवला."

भाऊबीजेला दुपारी मैथिली स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती. कुठेही विस्तव उघडा ठेवायचा नाही, असे तिने दोन दिवसांत घर करून टाकले होते. फटाके पाण्यात बुडवले होते, पणत्या माळ्यावर गेल्या होत्या. उद्या कार्यालय उघडेल. सर चकत्या बंद पाडायला लावतील. तोवर दोघींचा मध पुरेल, असे ती स्वतःला सांगत होती.

अंगणातून हाक आली. मऊ, लाडिक.

"आईऽ, ये ना इकडे."

मैथिलीच्या हातून लाटणे पडले. छातीत धस्स झाले. ती धावली, दाराची कड कोपराला लागली तेही तिला कळले नाही. उंबऱ्याशी तिने आधी जुईचे केस पाहिले, मग फ्रॉकची कड, मग हात, मग भिंत, मग आभाळ.

जुई किल्ल्यापुढे उकिडवी बसली होती. तिने बुरुजावर शेवटचा मावळा उभा केला होता.

"बघ ना, कसा दिसतो?"

काही नव्हते. कुठेच काही नव्हते. पोरीने आईला नुसती हाक मारली होती, जशी पोरी मारतात.

"छान," मैथिली म्हणाली. तिचे काळीज अजून धडधडत होते, आणि मेंदू काय मोजतो हे तिला पाठ होते. तो मध ओळखत नाही. तो फक्त धस्स मोजतो.

जुई तोंडभर हसली आणि तिने हात पसरले. "आई, ये ना."

मैथिली तिच्याकडे जाऊ लागली. अकरांपैकी दोन धस्स झाली होती. छातीतली धडधड थांबली नव्हती, आणि हे तिसरे होते.