कॅप्टन शरणप्पांचा डावा हात

हे खरंच घडलंय. ज्याला थट्टा करायची असेल त्यानं मे महिन्यात, भर दुपारी, मुरुमला कस्तुराबाईंच्या घरात एकट्यानं बसून दाखवावं. मग तोंड उघडावं.

तारीख १४ मे २०२४. वेळ दुपारी दीडची.

अर्पिता लोहाऱ्याच्या शाळेत शिक्षिका. तिच्या आजोबांचे थोरले भाऊ, कॅप्टन शरणप्पा, एकाहत्तरच्या लढाईत गेले. त्यांच्या नावानं भाषणं ठोकणारे ढीगभर. चार खऱ्या ओळी लिहिणारा एक नाही. त्याच चिडीनं अर्पितानं पुस्तक लिहायला घेतलं, आणि माहितीसाठी त्यांच्या बायकोचं, कस्तुराबाईंचं घर गाठलं.

म्हातारीनं आधी दाराला आतून कडी घातली. मगच ट्रंक उघडली.

"आजी, एवढ्या उकाड्यात दार कशाला लावता?"

"मास्तरीणपणा शाळंत कर. पत्रं घे, वाच. तळाला हात घालू नको."

अर्पितानं नेमका तळालाच हात घातला.

चांदीची डबी. आत गळ्यात घालायचं इष्टलिंग.

ती चपापली. लिंगायत माणसाला मातीत बसवताना त्याचं लिंग त्याच्याच डाव्या तळहातावर ठेवतात. ते घरात राहत नाही.

"आजी... हे इथं कसं?"

"तेंना मिलिटरीनं तिकडंच अग्नी दिला. मग सासऱ्यानं कडब्याचा बावला करून त्येला वर्दी घातली न् खड्ड्यात बसवला. हात रिकामाच. डबी तीन महिन्यांनी टपालानं आली."

"मग तेव्हा पुरली का नाही?"

म्हातारी हसली.

"येडी का काय तू? पुरली असती तर ह्ये रोज मागायला आले असते व्हय?"

बाहेर काहीतरी सरपटलं...

वाळका कडबा ओढत आणावा तसं.

कस्तुराबाईंच्या दारी जनावर नाही. गोठा पडून वीस वर्षं झाली.

आवाज पायरीवर आला... थांबला.

गल्लीतली कुत्री गप्प. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाजच येत नव्हता.

"आले बघ." कस्तुराबाईंनी पदर सारखा केला. "बोलू नको. जरा थांबत्यात न् जात्यात. बावन्न वर्षं झाली."

पण त्या दिवशी डबी ट्रंकेबाहेर होती.

कडी आपोआप सरकली...

दार वीतभर उघडलं. फटीतून वर्दीची हिरवी डावी बाही आत आली. मातीनं माखलेली. बाहीत हात नव्हता. कडब्याची पाच धाटं होती, बोटांसारखी वाकलेली.

उताणी. मागणारी.

बाही बायकोकडं वळली नाही. अर्पिताकडं वळली.

"देऊ नको गं! पाया पडते तुझ्या!"

धाटं अर्पिताच्या मनगटाला लागली. गार... ओली. तिनं किंचाळत डबी त्यांच्यावर टाकली.

बोटं मिटली...

दाराबाहेर नुसतं ऊन. पायरी मोकळी. डबी कुठंच नाही.

कस्तुराबाईंनी दार उघडंच ठेवलं. मग गावाशी भांडून बावन्न वर्षं लावलेलं कुंकू त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं.

"आज रांडव केलीस मला, पोरी."

पुस्तक तिथंच थांबलंय. रोज दुपारी दीड वाजता अर्पिताला मुरुमहून फोन येतो.

"आज बी आले न्हाईत," म्हातारी म्हणते. मग आवाज बारीक करून विचारते, "तुझ्याकडं आले का गं?"

अर्पिता फोन ठेवते आणि दाराला आतून कडी घालते...