डाव्या टर्बोचा दम

संदेशने जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला आणि त्याच क्षणी दार ढकलून एक मुलगी आत आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी गुप्तहेराकडे येईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यामुळे पाकाने चिकट झालेला हात कुठे लपवावा ते त्याला सुचेना.

"संचिता मॅडम तुम्हीच ना?" मुलीने टेबलामागच्या बाईंना विचारलं. "मी ऋतिका, कोपरहून आलेय. उद्या माझा साखरपुडा आहे आणि बाबांनी आज सकाळी तो मोडला. एका टर्बोपायी!"

खोपटच्या एसटी डेपोसमोर, फरसाणाच्या दुकानाच्या डोक्यावर संचिताचं ऑफिस होतं. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. गाड्यांपेक्षा माणसंच जास्त बिघडतात, असा शोध लागल्यावर तिने नोकरी सोडली आणि खाजगी तपासाचं काम सुरू केलं. संदेश तिचा धाकटा भाऊ. तो तिची गाडी चालवायचा, चहा सांगायचा आणि प्रत्येक प्रकरणात तिच्या आधी गुन्हेगार पकडायचा. तो खरा गुन्हेगार कधीच निघाला नव्हता, पण संदेशचा उत्साह त्यामुळे तसूभरही कमी झाला नव्हता.

"बस. नीट सांग," संचिता म्हणाली.

"बाबांची गाडी पेट्रोलवर चालणारी, सहा सिलिंडरची आहे. तीन या अंगाला, तीन त्या अंगाला, आणि दोन्हीकडे एकेक टर्बो."

"टर्बो म्हणजे नक्की काय गं?" संदेशने हळूच विचारलं.

"पंखा समज," संचिता म्हणाली. "इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि बाहेरची हवा आत दाबून भरतो. हवा जास्त मिळाली की पेट्रोलही जास्त जळतं आणि गाडी सुसाट सुटते. हं, पुढे?"

"डावीकडचा टर्बो गेल्या महिन्यात गेला. निळा धूर यायचा, शिटीसारखा आवाज यायचा. विनीतने नवीन बसवला. विनीत म्हणजे..." ती थांबली. "ज्याच्याशी माझं ठरलंय तो. इथेच खोपटला त्याचं गॅरेज आहे. नवमीला सगळे टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलेलो, गाडी अशी पळाली की बाबा गाणी म्हणत होते. आणि आज सकाळी तिच्यात दमच नाही! दादाचा मित्र हर्षित, डोंबिवलीत त्याचंही गॅरेज आहे. त्याने मशीन लावलं आणि सांगितलं, डावीकडचा टर्बो कमजोर आहे, विनीतने नवीन सांगून कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा जुना ठोकलाय. बाबांनी लगेच भावकीत फोन केले. फसवणाऱ्याच्या घरात पोरगी देणार नाही म्हणाले."

"आणि तुला काय वाटतं?"

"विनीत असं करणार नाही. तशी शंका असती तर तुमच्याकडे आले नसते, सरळ जाऊन त्याच्याच पान्याने त्याला बडवलं असतं."

संचिताला ही मुलगी फार आवडली. संदेशलाही आवडली, पण तो तोंडाने काही बोलला नाही, कारण तोंडात जिलेबी होती.

विनीतचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. सणाची सुट्टी असूनही तो एकटाच बाकड्यावर बसला होता. चेहरा पार उतरला होता.

"टर्बो नवीनच होता," तो म्हणाला. "खोकं माझ्यासमोर फोडलं. काका म्हणतात ना, दुसऱ्या गाडीचा... मॅडम, मला एकदा गाडी बघू तर द्या म्हटलं, तर फाटकातूनच परत पाठवलं."

"गाडी घरी पोचवायला तूच गेलेलास?"

"हो. सगळ्यांना बसवून कोपरच्या स्टेशनपर्यंत चक्करही मारून आणली. ऋतिकाची आई, शालूकाकू, खूश झाल्या. नवीन बसवलंय ते कुठल्या अंगाला, विचारत होत्या. मी बॉनेट उघडून हात लावून दाखवलं. हवा कुठून आत जाते तेही दाखवलं. काकूंनी त्याच्यावरून प्रेमाने हात फिरवला. आता त्याही बोलतील का नाही, कोण जाणे."

बाहेर आल्यावर संदेश बहिणीच्या कानाशी लागला. "ताई, हाच तो. इतका गरीब चेहरा प्रामाणिक माणसाचा नसतो."

"तुझा चेहरा याहून गरीब आहे, संदेश. गाडी काढ."

कोपरला एके काळी ज्यांची भातशेती होती, त्यांचे आता बंगले झाले होते. ऋतिकाचा बाप परशुराम त्यांतलाच एक. अंगणात ट्रॅक्टर, स्कूटर, दोन मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीला झेंडूचा हार, हळदीकुंकवाची बोटं. शेवटी ती काळी गाडी, सर्वांत मोठा हार मिरवत. तिच्या पुढच्या डाव्या चाकाजवळ दोन कोंबड्या मन लावून काहीतरी टिपत होत्या. संदेश त्यांच्यात अडखळला, आणि कोंबड्यांनी त्याला जी काही शिवी द्यायची ती दिली.

परशुराम झोपाळ्यावर बसला होता. झोपाळा मात्र हलत नव्हता.

"पोरीने बोलावलं तं तुमी आयलाव. च्या घ्या आनि जा. गारीच्या बॉनेटला आता कोनीच हात लावाचा नाय. कंपनीचा मानूस येल आनि त्या पोऱ्याची चोरी पकरंल."

"हात नाही लावत," संचिता म्हणाली. "फक्त सांगा, धूर येतोय का?"

"नाय."

"शिटीचा आवाज?"

"त्यो बी नाय. सावकास चालवली तं लोन्यासारखी चालते. जरा दाबली का दम लागते तिला."

"ऑइल कमी झालं?"

"सकालीच बगला. टिपूस कमी नाय." परशुरामचा आवाज अचानक खाली आला. "मना गारीचा काय परला नाय वो. पोऱ्या मना आवरला व्हता. म्हनूनच जिवाला लागला."

संदेशला त्या क्षणी परशुरामची दया आली. रागावलेला माणूस नव्हताच तो, दुखावलेला होता.

देवेश, म्हणजे ऋतिकाचा मोठा भाऊ, गच्चीवर सापडला. संचिताने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो घडाघडा बोलायला लागला.

"बाबांना नका सांगू हां. काल पूजा झाल्यावर दुपारी मी गाडी काढलेली. मित्रांना सोनं वाटायला. माणकोलीच्या पुलावर चढाला दाबली, तर एकदम ढिली पडली, पिवळा दिवा लागला. मी गुपचूप आणून लावली. माझ्यामुळेच झालं असणार. बाबा भारीतलं पेट्रोल टाकतात, मी साधं टाकलेलं."

"पूजेच्या वेळी बॉनेट कोणी उघडलं?"

"मीच. इंजिनाला पण कुंकू लावायचं ना. मग मी आंघोळीला गेलो, बाकीचं आईने केलं."

जिना उतरताना संदेश म्हणाला, "ताई, चुकलो. हा गुन्हेगार. पेट्रोलवाला."

स्वयंपाकघरात शालूताई उद्याच्या पाहुण्यांसाठी काढलेलं पीठ परत डब्यात भरत होत्या. डोळे पदराने पुसत होत्या, त्यामुळे नाकाला पीठ लागलं होतं. ओट्यावर नवाकोरा मिक्सर होता आणि त्याच्या बुडाशी हिरव्या खणाची घडी खोचलेली होती. त्यावर सुपारी, चिमूटभर तांदूळ.

"छान आहे मिक्सर," संदेश म्हणाला. त्याला वाटलं, कोणीतरी काहीतरी चांगलं बोलायला हवं.

"नवा हाय ना. परवाच आनला," शालूताई म्हणाल्या आणि त्यांना पुन्हा हुंदका आला. "माजे पोरीचा काय व्हयाचा गो बाय?"

संचिताने मिक्सरकडे पाहिलं, खिडकीतून अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं, आणि चक्क हसली. "व्हायचं तेच होणार, ताई. साखरपुडा. पीठ बाहेरच राहू द्या. ऋतिका, विनीतला बोलाव. देवेश, हर्षितला फोन कर."

हर्षित आला तो मशीन हातात घेऊनच.

"मशीन काय म्हणालं? त्याने दाखवलं तेवढंच सांग," संचिताने विचारलं.

"डाव्या बाजूला हवेचा दाब कमी."

"टर्बो जुना आहे, असं म्हणालं?"

"तसं नाही... पण दाब टर्बोच देतो ना, मॅडम."

"बॉनेट उघडून पाहिलंस?"

हर्षित चुळबुळला. "घरात साखरपुड्याची तयारी होती. गडबड होती."

"ताई, नक्की हाच," संदेश कुजबुजला. या वेळी त्याच्या आवाजात तितकासा जोर नव्हता.

अंगणात सगळे जमले. विनीत फाटकाशीच उभा राहिला आणि ऋतिका मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. परशुरामने ते पाहून मान फिरवली.

"आधी हर्षितचं म्हणणं घेऊ," संचिता म्हणाली. "दुसऱ्या गाडीचा टर्बो. या इंजिनाला वाट्टेल तो टर्बो बसतच नाही. याच गाडीचा उजवा काढून डावीकडे लावा म्हटलं तरी जमणार नाही. दोन्ही हातमोज्यांसारखे एकमेकांचे उलटे असतात, नळ्याच जुळत नाहीत. भलताच ठोकला असता तर नवमीला काकांनी गाणी म्हटली नसती, गाडी ढकलली असती."

विनीतने प्रथमच मान वर केली.

"बरं, याच गाडीचा पण जुना, झिजलेला बसवला असेल? झिजलेला टर्बो लपत नाही. तो ऑइल पितो, निळा धूर सोडतो, शिटी मारतो. तो अनुभव तुम्ही गेल्या महिन्यात घेतलाय. या वेळी धूर नाही, शिटी नाही, ऑइल जागच्या जागी. म्हणजे टर्बो ठणठणीत आहे."

"मंग पेट्रोल?" परशुरामने विचारलं, आणि देवेशचा चेहरा पांढराफटक पडला.

"पेट्रोल एकाच टाकीतून दोन्ही बाजूंना जातं. दोष त्यात असता तर दोन्ही बाजू रडल्या असत्या. इथे एकच रडतेय. हळू चालवली तर ठीक, दाबली की धाप. नाक चोंदलेला माणूस चालतो व्यवस्थित, धावायला लागला की थांबतो. तसंच हे. टर्बो हवा द्यायला तयार आहे, त्याला हवाच मिळत नाहीये."

"पण दोन नाकपुड्यांतली नेमकी नव्या टर्बोचीच का चोंदली?" ऋतिकाने विचारलं.

"शाब्बास. इथेच सगळे विनीतवर घसरले. योगायोग म्हणावा तर फारच सोयीचा. मी उलटं धरलं. चोंदवणाऱ्याला नवा टर्बो कुठे आहे ते माहीत होतं, आणि त्याला तीच बाजू हवी होती. नवमीला गाडी ठीक, दसऱ्यानंतर ढिली. मधे घडली फक्त पूजा. पूजेला बॉनेट उघडं होतं. देवेश आंघोळीला गेला. गाडीजवळ उरलं कोण?"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"मी?" शालूताई म्हणाल्या. "मी कशाला माजे गारीचा वाईट करीन?"

"वाईट नाही हो. तुम्ही तिचं इतकं भलं केलंत की तिचा श्वास कोंडला." संचिताने कोंबड्यांकडे बोट दाखवलं. "आम्ही आल्यापासून या दोघी त्याच चाकाजवळ तांदूळ टिपतायत. ट्रॅक्टरखाली तांदूळ नाहीत, स्कूटरखाली नाहीत. काका, आता एकदाच बॉनेट उघडू द्या."

परशुरामने स्वतः उघडलं. संचिताने पुढच्या जाळीमागे, डावीकडच्या हवेच्या नळीच्या तोंडात दोन बोटं घातली आणि ओढलं. हिरवा खण बाहेर आला. त्यातून सुपारी टपकन पडली आणि तांदूळ सांडले. कोंबड्या धावत आल्या.

"अगो बाय माजे!" शालूताईंनी तोंडावर हात ठेवला. "ती तं मी तिची ओटी भरली! नवीन वस्तू घरात आयली का तिची ओटी भरून तिला घरची कराची. पोऱ्याने हात लावून दाखवला व्हता ना, हा नवा, हितून जातं. मना वाटला, खोचाला खिसाच केलाय. यांना सांगितला असता तं बोंबलले असते, का माजे गारीला हात का लावला!"

आधी देवेश फसकन हसला, मग ऋतिका, आणि मग हर्षितसुद्धा. विनीतने मात्र आधी नळीत डोकावून पाहिलं, हवेची गाळणी काढून झटकली, परत बसवली. "आत काही गेलेलं नाही. गाळणीने अडवलंय," तो म्हणाला. हर्षितने मशीन लावून पिवळा दिवा पुसला, विनीतने चावी फिरवली आणि जोरात पेडल दाबलं. गाडी अशी गरजली की कोंबड्या ट्रॅक्टरवर जाऊन बसल्या.

संदेशला एवढा आनंद झाला की आपण तीन निरपराध माणसं पकडली होती हे तो विसरूनच गेला.

परशुराम मात्र तसाच उभा होता. मोठ्या माणसाला चूक कळली की ती ठेवायची कुठे हे कळत नाही, तसं त्याचं झालं होतं. शेवटी तो विनीतसमोर आला. "चुकलो मी," तो म्हणाला. एवढंच, पण सगळ्यांसमोर.

विनीत वाकून पाया पडायला गेला. ऋतिकाने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"एवढ्यावर नाही सुटणार, बाबा. सकाळी ज्यांना ज्यांना फोन केलात, त्या सगळ्यांना परत करायचे. आत्ता. स्पीकरवर."

परशुरामने बायकोकडे पाहिलं, पण तिथून काही मदत आली नाही. मग निमूट झोपाळ्यावर बसून त्याने पहिला फोन लावला तो थोरल्या बहिणीला, जिला तो उभ्या आयुष्यात कधी दबला नव्हता असं तो नेहमी सांगायचा.

"काय रं?" स्पीकरमधून खणखणीत आवाज आला. "पकरला का त्या चोराला?"

"आका, चोर कोनी नाय गो," परशुराम म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि झोपाळा आता हलत होता. "जावई खरा हाय माजा. खोटा परला तो तुजा भाऊस. उद्या सकाली लवकर ये, आनि त्याच्या देखत माजा कान पकर."