परवा ठरलेलं लग्न

"अहो अहो, हल्लू!"

प्रयोगशाळेच्या दारात धडक बसली, आणि त्रिवेणीच्या हातून निसटलेली रोपांची काचेची बशी हर्षवर्धनने वरच्या वर झेलली. ती नांदेडची. घरच्या रानाला खार फुटला, म्हणून मुळांचा अभ्यास करायला हैदराबादला आलेली. तो तिथल्याच नारायणगुड्याचा, मुळांचे फोटो काढणारा.

"मॅडम, तुमचं मूळ मिठाकडे पाठ फिरवून बसलंय की!"

"रुसलं नाही ते," ती हसली. "मीठ लागलं की ऑक्झिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, दुसऱ्या बाजूला जमतं. ती बाजू हळू वाढते, म्हणून मूळ तिकडे वळतं."

"आणि ही बारकी मुळं?"

"त्यांना ॲब्सिसिक ॲसिड नावाचं दुसरं संप्रेरक निजवतं. सोसायची सवय झाली की उठतात पुन्हा."

"हौ? मग ठीक..." तो म्हणाला, पण बघत होता तिच्याकडेच.

पावसाळा असाच चालला होता. आभाळ सदा भरलेलं, बशा मोजायच्या, आणि चार वाजता त्यानं आणलेला चहा. हरियाणातल्या खाऱ्या जमिनीच्या संशोधन केंद्रातल्या नोकरीचं पत्र तिनं मुद्दाम उत्तराविना ठेवलं होतं. एकदा धीर करून तिनं विचारलं, "तुमच्या लग्नाचं काय हो?"

"परवा ठरलं की! कुकटपल्लीची प्राजक्ता..." तेवढ्यात साहेबांनी हाक मारली आणि तो धावला.

परवा! परवा तर तो रजेवर होता. त्या संध्याकाळी तिनं हरियाणाला होकार कळवला, करारावर सही केली. तीन वर्षांचा करार. नंतर चहाही नको म्हणाली, बोलणंही टाकलं. वेडी पोर! एका शब्दानं विचारायचं होतं...

शेवटच्या दिवशी तो तिचं सामान खोक्यात बांधत होता.

"लग्नाला बोलवा," ती कशीबशी म्हणाली.

"कुणाच्या?"

"तुमच्या. परवा ठरलं ना!"

तो सामान सोडून तिच्याकडे वळला. "अहो, त्याला पाच वर्षं झाली... मोडलं पण ते! आमच्या हैदराबादेत काल सोडून मागचं सगळं परवाच असतं, मॅडम."

ती स्टुलावर टेकली. "मी सही केली हो... तुमच्यामुळे. माझा जीव जडलाय तुमच्यावर."

"माझा काय कमी जडलाय?" तो म्हणाला. "तुम्ही बोलणं टाकलंत, मला वाटलं, नक्को झालो मी."

बाहेर पाऊस धरून होता. तो 'जाऊ नका' म्हणेल म्हणून ती थांबली. तो सुतळीची गाठ आवळत राहिला.

"म्हणा ना काहीतरी..."

"तिथं खाऱ्या मातीचं अख्खं शेत मिळणार तुम्हाला. इथं नुसत्या बशा." त्यानं डोळे पुसले. "जाऊ नका म्हणणार नाही मी, त्रिवेणी. म्हटलं तर तू राहशील."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. तिनं रडत रडतच खोक्याचं दुसरं टोक धरलं, आणि दोघं जिना उतरू लागले.