ताईच्या गाडीतला पिवळा दिवा

बसा असे, कंदील मधे राहू द्या. घाबरवायचा माझा बेत नाही. नुसतं ऐका.

मी गाड्यांचा मेकॅनिक. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण इंजिनच्या बाबतीत या रस्त्यावर माझा हात धरणारा कुणी नाही. पोटापुरतं मिळतं, जेवलं की झोप लागते, एकूण सुखी माणूस. तर एका दुपारी माझी थोरली ताई गाडी घेऊन गॅरेजात आली आणि तिने किल्ली माझ्या हातावर आपटली.

"हा मेला दिवा पुन्हा लागला बघ. आज विझला नाही, तर चिरंजीव गाडी विकून टाकणार आहेत. आई कुठेतरी रस्त्यात अडकेल म्हणे!"

गाडी मूळची दाजींची. ते गेल्यावर साठीला टेकलेली ताई गाडी शिकली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने फिरायला लागली. मैत्रिणींकडे, तळ्यावर, कधी नुसतीच लांबवर. गाडी गेली असती तर ती पुन्हा खिडकीपाशी बसून राहिली असती. ते मला बघवलं नसतं.

"विझवतो गं. तू मागे घरात जाऊन जरा पड," मी म्हणालो.

इंजिनचा तो पिवळा दिवा महाचिवट होता. आधीच मी प्लग बदलले होते, सेन्सर बदलला होता, हवेची नळी दोनदा उघडून बघितली होती. कॉम्प्युटर जोडला की पडद्यावर कधी हा दोष, कधी तो. पुसला की दिवा जायचा आणि ताई एकटी रस्त्याला लागली की स्वारी परत हजर!

ऊन तोंडावर येत होतं म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं. आत काळोखी आली, ग्रीसचा आणि पेट्रोलचा वास दाटला. गाडी चालू करून ऐकली. झकास. बंद केली, किल्ली खिशात टाकली.

दिवा पेटलेलाच होता.

किल्ली काढल्यावर दिवा राहत नाही. वायर कुठेतरी चिकटली असेल, असं मनाला सांगत मी बॉनेट उघडलं. आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. बंद इंजिनला कुणी कान लावत नाही. मी का लावला, कोण जाणे.

"च्... च्... च्..."

रस्त्यात समोरचा वेडावाकडा घुसला की दाजी जिभेने असंच करायचे. शिवी देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"दाजी...?"

आवाज थांबला. दाढीच्या साबणाचा वास आला, त्यांच्याच. आणि खरं सांगू, भीतीपेक्षा मला बरंच वाटलं. माणूस मेला तरी बायकोची काळजी करतोय!

"दाजी... ताई छान चालवते हो. तुम्ही उगाच जीव टांगणीला लावताय. हा दिवा बंद करा... नाहीतर गाडी जाईल तिची..."

मग एकदाच, अगदी सावकाश, "च्..." आणि दिवा विझला.

ताईला मी यातलं काही सांगितलं नाही. चहा पिऊन ती गाडीत बसली, गाडी तिच्या बाजूला जराशी झुकली. मग शेजारच्या सीटची बाजूही हळूच दबली. मला भरून आलं. चला, म्हटलं, ताईला सोबत आहे.

"विझला की रे! गुणाचा माझा भाऊ," ताई म्हणाली.

तेवढ्यात गाडीची मागची बाजू खाली बसली. दोन पोती टाकावीत तशी, चाकांना घासेल इतकी.

"ताई, थांब!"

तिला वाटलं मी निरोप देतोय. तिने हात हलवला आणि मजेत निघून गेली.

ताई सुखरूप आहे, काळजी करू नका. रोज फिरते, गुणगुणते, गालावर तेज आलंय. भाच्याने गाडी विकायचा विषय सोडून दिला. मागच्या सीटवर मी शंभरदा बघितलं, काही नाही. स्प्रिंगा बदलल्या, त्याही नव्या कोऱ्या असून दबतात. दाजी दिवा कशासाठी लावत होते, हे त्यांना मी विचारलंच नव्हतं. आता ताई चहाला आत गेली की मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून विनवतो, "दाजी, लावा हो दिवा..." इंजिन गप्प असतं.

काल ती माझ्यासमोरच गाडीत बसली. गाडी तिच्या बाजूला झुकली. मागची बाजू खाली गेली.

शेजारची सीट मात्र हल्ली दबत नाही.