पहारेकऱ्याच्या मनातलं

मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, सौमित्र स्कूटर काढून ध्रुवकडे निघाला. हुकाला लीलो, म्हणजे ओल्या चेवड्याची पिशवी, डिकीत ताज्या झेरॉक्सचा गठ्ठा. कारेलीबागेत चिटपाखरू नव्हतं. बडोद्याच्या उन्हात शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत. पण सौमित्र एकवीस वर्षांचा होता आणि ध्रुवकडे रसिका येणार होती, तेव्हा शहाणपणाचा प्रश्नच नव्हता.

हे तिघं एक खेळ खेळत. नव्वदचं दशक सरत आलं होतं, घरोघर केबल पोचली होती, तरी यांना टीव्हीपेक्षा ध्रुवच्या घरचं जेवणाचं टेबल प्यारं. खेळ म्हणजे लांबत जाणारी एक गोष्ट. सातकोट नावाचं जादूचं राज्य, आणि त्याचा सूत्रधार सौमित्र. ध्रुव आणि रसिका त्यातले वीर. वीर काय करणार ते त्यांनी सांगायचं, जमलं की फसलं ते फासे ठरवणार, आणि वाटेत जो कुणी भेटेल, राजा, राक्षस, अगदी पानवाला, त्याच्या तोंडून सौमित्र बोलणार.

फक्त एक जण त्याचा नव्हता. सातकोटच्या वेशीवरचा पहारेकरी ध्रुवच्या वडिलांचा होता. लक्ष्मीकांतकाका रिफायनरीत होते, शिस्तीचे. हॉलमधल्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे आणि वीर वेशीशी पोचले की पेपराआडून दोनदा घसा खाकरून गरजायचे, "कोण आहे?" कायदाही त्यांचाच: पहारेकरी तीनदा विचारणार, तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही, तर कंदील घेऊन स्वतः बघायला येणार.

ध्रुवनं इंजिनिअरिंग सोडून फाइन आर्ट्सला नाव घातलं, तेव्हा काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण रविवारचं "कोण आहे?" सोडलं नाही. ध्रुव म्हणायचा, "मीच आहे, परका नाही." बापलेकांत तेवढंच बोलणं उरलं होतं. आणि तशातच फेब्रुवारीत काका झोपेत गेले. त्यानंतर सातकोटच्या वेशीकडे कुणीच फिरकत नव्हतं. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं, पण वीर आपले जंगलातच हिंडत होते.

त्या दिवशीच्या झेरॉक्समध्ये नवे नियम होते. रसिकाच्या अमेरिकेतल्या मामानं पाठवलेल्या पुस्तकातले.

"मनोबली," सौमित्रनं ऐटीत सांगितलं. "मंत्र नाही, कांडी नाही. नुसत्या मनाच्या जोरावर समोरच्याचं मन वाचणार. रसिकाचं नवं पात्र."

"आपल्या जादूत हे कशाला घुसवतोस, यार?" ध्रुव म्हणाला. "खुनी कोण ते एका मिनिटात कळेल. मजाच जाय ने!"

"म्हणूनच मी एक नियम घातलाय. तोंडानं माणूस खोटं बोलू शकतो. मनात वाचलेलं मात्र कधीच खोटं नसतं."

स्वतःच्या या नियमावर स्वारी भलतीच खूष होती.

रसिकानं डोळे मिटले, कपाळाला दोन बोटं लावली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी वेशीवरच्या पहारेकऱ्याचं मन वाचते." लगेच तिनं जीभ चावली. "सॉरी, ध्रुव... माझ्या लक्षातच..."

स्वयंपाकघरात सरोजिनीकाकू भांडी लावत होत्या. तो आवाज थांबला. नुसता कूलर घरघरत राहिला. वाळ्याचा ओला वास खोलीभर होता.

वेशीवर आता कुणी नाही, एवढं सौमित्र म्हणाला असता तर विषय तिथंच मिटला असता. पण रसिका त्याच्याकडे बघत होती, आणि नकला करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यानं दोनदा घसा खाकरला.

"पोरगा चित्रं काढतो... काढू दे. मीच हट्टाला पेटलो होतो."

आवाज इतका हुबेहूब निघाला की तो स्वतःच दचकला. ध्रुव टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. रसिकाही रडत होती. सौमित्रचे कान तापले. मेलेल्या माणसाची नक्कल त्याच्याच घरात, त्याच्या मुलासमोर, आणि कशासाठी, तर एका मुलीनं आपल्याकडे बघावं म्हणून! त्याला स्वतःची शिसारी आली. पण ध्रुवनं डोळे पुसले, आणि त्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून हा गप्प बसला. चांगलंच झालं की, असं त्यानं मनाला समजावलं.

पुढच्या रविवारी ध्रुव स्वतःच म्हणाला, "रसिका, पहारेकऱ्याचं मन वाच ना." त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. राक्षस, खजिना सगळं राहिलं बाजूला. सौमित्र दर वेळी खाकरायचा, दर वेळी काही गोड बोलायचा आणि घरी जाऊन रात्रभर कुशी बदलायचा. काकू आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसत. त्यांची नजर सौमित्रकडे नसायची. मान कलती करून त्या बाहेरच्या दाराकडे बघत राहायच्या. एकदा तर खोलीत वाळ्याच्या वासात काकांच्या बामचा वास मिसळल्यासारखा वाटला.

जूनच्या एका रविवारी ध्रुव टेबलाशी बसला तो ठरवूनच.

"रसिका, आज त्यांना विचार. मी परत इंजिनिअरिंगला जाऊ का? ते म्हणतील तसं करीन. उद्याच अर्ज भरतो."

"अरे, असं खेळात..." रसिका पुटपुटली.

"मनात वाचलेलं खोटं नसतं. नियम आहे."

रसिकानं डोळे मिटले. सौमित्रनं तोंड उघडलं. घशाशी खाकरणं आलं होतं, अगदी तयार. एका मुलाचं अख्खं आयुष्य आता आपल्या जिभेवर आहे, हे त्याला कळलं.

"ध्रुव," तो आपल्या आवाजात म्हणाला, "ते मी बोलत होतो. पहिल्यापासून मीच. काका मला काही सांगून गेले नव्हते. मी मनानं रचलं... सगळं."

एकेक फासा उचलून ध्रुवनं पिशवीत टाकला आणि नाडी आवळली. "जा तू," एवढंच म्हणाला. रसिकानं मान वर केली नाही. ध्रुवनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असं सौमित्रला वाटलं.

दारापर्यंत सोडायला काकू आल्या. सौमित्रनं त्यांचे पाय धरले. "काकू, मला माफ करा. तुम्हाला वाटलं असेल की काका..."

"मला कशाला वाटेल?" काकू हळूच म्हणाल्या. "तीस वर्षं संसार केला रे मी. तुझी नक्कल मला पहिल्याच दिवशी कळली."

"मग... तुम्ही दर रविवारी ऐकायला बसायचात ते?"

काकूंनी मागं वळून ध्रुवकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"तुझं बोलणं ऐकायला नाही. तू गप्प झालास ना, की दाराबाहेरून ते विचारतात का, ते ऐकायला... कोण आहे? घरात आपलाच आवाज ऐकून माणूस विचारणारच ना. पहिल्या दिवशी विचारलं. मग गेल्या रविवारी दुसऱ्यांदा. तू एकदाही उत्तर दिलं नाहीस, सौमित्र."

"मला... मला ऐकूच आलं नाही, काकू."

"आवजो," काकू म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

सौमित्र वाडी भागातल्या आपल्या घरी पोचला तेव्हा दिवेलागण होत आली होती. आईबाबा सकाळीच सावली गावाला लग्नाला गेले होते. जिना नेहमीसारखाच अंधारा. खालच्या मजल्यावर कुणीतरी मोहरीची फोडणी देत होतं, आणि त्या ओळखीच्या वासानं त्याला जरा धीर आला. घरी जायचं, तोंड धुवायचं, आणि उद्या ध्रुवच्या पाया पडायचं, असं त्यानं ठरवलं. दाराला बाहेरून कुलूप होतं, दुपारी निघताना त्यानंच लावलेलं. त्यानं किल्ली काढली.

आत कुणीतरी दोनदा घसा खाकरला.

"कोण आहे?"

किल्ली तशीच हातात राहिली. उत्तर द्यायचं, मी सौमित्र म्हणायचं, बस, मग सगळं मिटेल. त्यानं तोंड उघडलं. त्याच्या घशातून दोनदा खाकरणं बाहेर पडलं. त्यानं पुन्हा जोर केला, पण आपला आवाज कसा होता, तेच त्याला आठवेना.

दाराखालच्या फटीत पिवळा उजेड दिसू लागला, आणि कंदिलाची कडी करकरत आतून दाराकडे येऊ लागली.