दिह्याच्या हातचा घास

आमच्या औरेसच्या डोंगरात सून बाहेरगावची असली की सासू तिला एक घास देते. भाजलेल्या जवाचं पीठ ऑलिव्हच्या तेलात मळायचं, गोळा छातीशी धरायचा आणि सुनेनं तो तिथूनच खायचा. मग ती पोटची. त्या दिवसापासून ती सासूला खालती, म्हणजे मावशी, म्हणत नाही, यम्मा, म्हणजे आई, म्हणते. असा घास आयुष्यात एकदाच. दिह्या राणीनं युद्धात पकडलेल्या शत्रूच्या पोराला असंच आपलं करून घेतलं होतं, म्हणतात. आणि शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून याच डोंगरातल्या जर्दाळूच्या बागा तिनंच पेटवल्या. तेराशे वर्षं झाली त्याला.

मी एकवीस वर्षं टपाल कचेरीत शिक्के मारले. राणीशी माझं भांडण नाही, पण मला पुरावा लागतो. माझ्या सुनेला, रादियाला, मी घास दिला नाही त्याचं कारण मात्र वेगळं. पोरगी अन्नाबाची, समुद्राकाठची. कुसकुसात, आमच्या वाफवलेल्या रव्यात, मासे घालते. "यंदा तेल कडू निघालंय," असं मी म्हणत राहिले. दोन हिवाळे.

फेब्रुवारीत, पोटुशीपणाच्या आठव्या महिन्यात, ती खाली दवाखान्यात तपासून घ्यायला निघाली.

"खालती, येताना काही आणू?"

"मासे सोडून काहीही आण."

दुपारी बर्फ पडू लागला. मिनीबस फाट्यावरच अडकली आणि ड्रायव्हर चालत वर आला. दारात बूट झटकत म्हणाला, "तुमची सून फाट्यावरून माझ्या बऱ्याच आधी चालत निघाली होती. पोचली ना?"

माझा मुलगा लखदर चार माणसं घेऊन खाली धावला. शेजारची मबारका माझा दंड धरून म्हणाली, "आपण वर बघू, हद्दा. जुन्या कोठाराकडे."

"वर कशाला जाईल ती? वाट माहीत आहे तिला."

"कुणी दाखवली? तू?"

मी वरची चढण चढू लागले.

कड्यातलं ते कोठार कित्येक वर्षं ओस आहे. दारासमोर बर्फ गुळगुळीत, एकही पाऊल उमटलेलं नाही. मबारकानं दार ढकललं.

रादिया भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावरचा रुमाल कोरडा. गाल लाल. ओठांवर तेल चमकत होतं.

मी आधी रडले, मग ओरडले. "मरायचं होतं का गं तुला? पोटात लेकरू आहे, त्याचा तरी विचार!"

"रडू नका, खालती. मी बरी आहे. यम्मानं आत घेतलं मला."

तिची आई अन्नाबात होती. सकाळीच फोनवर बोलली होती माझ्याशी.

"कोण यम्मा?"

"उंच आहे. केस मोकळे, पार गुडघ्यापर्यंत. मला विचारलं, तू कुणाची? मी म्हटलं, अजून कुणाचीच नाही. मग तिनं पीठ मळलं."

मबारकानं रुमाल कपाळावर ओढला. थंडीत माणसाला भास होतात, असं मी मोठ्यानं म्हणाले. मग आजूबाजूला पाहिलं. चूल नाही, भांडं नाही. जमिनीवर बोटभर धूळ, आणि तिच्यात फक्त आमची पावलं.

घरी सुईणीनं पोटाला कान लावला आणि हसली. "घोडा दौडतोय आत." त्या संध्याकाळी मी स्वतः कुसकुसात सार्डिन माशांचा डबा उपडा केला. लखदर म्हणाला, "यम्मा, ताप आलाय का तुला?" सगळे इतके हसलो की रादियाला पोट धरावं लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळलं. तेल चाखून पाहिलं. कडू नव्हतंच कधी. गोळा छातीशी धरला नि म्हणाले, "ये रादिया. उशीर झाला."

डोळे भरले होते तिचे.

"एकदाच असतो ना हो तो?"

मी हात खाली केला.

"पण ती म्हणाली होती, तुझी सासू येईल. उशिरा येईल, पण येईल. तिच्यासाठी अर्धा ठेव." रादियानं खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला. "एका गोळ्यातलं खाल्लं की बहिणी होतात म्हणे. चालेल तुम्हाला?"

"सासूपेक्षा बरं," मी म्हणाले, आणि हात पुढे केला.

अर्धा गोळा. एका बाजूला रादियाचे दात, दुसऱ्या बाजूला चार लांब बोटांचे ठसे. दोन रात्री गारठ्यात टांगलेल्या कोटात होता.

तळहातावर तो गरम लागला.

मी खाल्ला. जव, तेल, आणि त्यांच्यामागून सावकाश येणारा धूर, जर्दाळूच्या ओल्या लाकडाचा.